सगळं दोनदा सांगणारा माणूस

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर भाषणकलेचा एक वर्ग चालतो. त्याच्या जिन्यात हल्ली एक मोठा फोटो लावलाय. फोटोत कोट घातलेला एक माणूस हात पसरून उभा आहे आणि खाली लिहिलंय, ‘आमच्या वर्गाचा विद्यार्थी. एका भाषणाने बस वाचवली!’ त्यातला कोट वर्गाच्या सरांचा आहे. हात पसरायला फोटोवाल्याने सांगितलं. आणि भाषण म्हणाल तर त्या माणसाने ते केलंच नाही. त्याने जे केलं त्याला भाषण म्हणायचं असेल, तर ‘पुढे सरका’ म्हणणाऱ्या प्रत्येक कंडक्टरचा सत्कार करायला हवा. मी त्या जिन्यासमोरून रोज जाते आणि रोज माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाचं खरं काय ते लिहून टाकते.

फोटोतला माणूस म्हणजे आमच्या बसस्थानकावरचा भोंगा. त्याच्या आईबापांनी त्याला चांगलं नाव ठेवलं असणार, पण ते विचारायचं कुणाला कधी सुचलं नाही. दोन फलाटांच्या मधे काचेची एक खोली आहे. तिथे माईकसमोर बसून तो गाड्यांच्या सूचना द्यायचा. आवाज इस्त्री केलेला, कुठे सुरकुती नाही. गाडी फलाटाला लागली हे ज्या सुरात सांगायचा, त्याच सुरात गाडी रद्द झाली हे सांगायचा. लोक ड्रायव्हरवर विश्वास ठेवायचे नाहीत, वेळापत्रकावर तर नाहीच नाही, पण भोंग्याने सांगितलं की गाठोडी उचलून चालू पडायचे. प्रत्येक सूचना तो दोनदा द्यायचा. त्याच्या आधी त्या खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला तसं शिकवलं होतं. पहिल्या वेळी लोक मान वर करतात आणि दुसऱ्या वेळी ऐकतात, असं त्या म्हाताऱ्याचं म्हणणं.

काचेच्या बाहेर मात्र हा माणूस म्हणजे बंद पडलेलं घड्याळ. दुकानात साबण आणायला गेला की दुकानदार जो हातात ठेवील तो घेऊन यायचा. समोर माणूस उभा राहिला, त्याचे डोळे आपल्याकडे लागले, की भोंग्याची नजर माईक शोधायला लागायची. त्याचं लग्न ठरवायला गेले तेव्हा सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या थोरल्या बहिणीने दिली. शेवटी मुलीच्या बापाने विचारलं म्हणे, की नोकरी नक्की कोण करतं, हे की तुम्ही?

ती बहीण म्हणजे ताई. आई लवकर गेल्यावर तिनेच याला वाढवला. स्थानकाच्या मागच्या रस्त्यापलीकडे मोठं रुग्णालय आहे, तिथल्या धुलाईघरात ती चादरी धुते. दुपारी कामावर चढायचं आणि संध्याकाळी शेवटची बस पकडून खाणीजवळच्या वस्तीत घरी जायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. धुलाईघराच्या अंगणात चादरी वाळत घालताना तिला भावाचा आवाज भिंतीवरून ऐकू यायचा. घरी भेटल्यावर जो भाऊ ‘हं’च्या पुढे जायचा नाही, तो अंगणात तासातासाला बोलायचा. ती म्हणायची, “आमच्या बोलण्यात मधे एक भिंत आणि एक रस्ता लागतो. तेवढं असलं की आमचं छान जमतं.”

आणि ही खाणीची बसच बंद करायचं आगारप्रमुख साहेबांनी ठरवलं.

आमच्याकडे बस कशी बंद होते ते आधी सांगते. नियम असा, की मार्ग बंद करण्याआधी लोकांची सुनावणी घ्यायची. नियम फार सुंदर आहे. मग सुनावणीची सूचना कार्यालयाच्या आतल्या बोळातल्या फळ्यावर लावायची. त्या बोळाच्या तोंडाशी पाटी आहे, ‘प्रवाशांना प्रवेश नाही’. ठरलेल्या दिवशी वरचे अधिकारी येतात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत चहा घेतात, रिकाम्या खुर्च्यांकडे बघतात आणि लिहितात, कोणाचीही हरकत नाही. बाजाराची दुपारची बस अशीच गेली. शाळेकडची गेली. लोकांना कळलं ते बस आली नाही तेव्हा.

प्रवासी समिती चालवते ती मी. समिती म्हणजे मुख्यतः माझा आवाज, बाकीचे सभासद मागे उभे राहून मान हलवतात. मला ही खबर बोळ झाडणाऱ्या बाईकडून वेळेवर मिळाली. पण मला कार्यालयात जायला बंदी होती. मागच्या खेपेला बोलता बोलता साहेबांच्या टेबलावरची घंटी माझ्या हातून खिडकीबाहेर गेली. मला त्याचं आजही काही वाटत नाही. घंटीचा आवाज चांगला होता, एवढीच हळहळ.

तेव्हा प्रश्न पडला, बोलणार कोण? धुलाईघराच्या बायकांना कामावरून सुटी मिळेना, सुनावणी नेमकी त्यांच्या पाळीत. ताईने सरळ भावाला धरलं. मी तिथेच होते, त्याच्या काचेच्या खोलीबाहेर.

“अख्ख्या जगाला त्यांची गाडी सांगतोस. माझ्या गाडीसाठी चार वाक्यं बोलशील?”

भोंग्याने जमिनीकडे बघत मान हलवली.

“मान नको हलवू, राजा. साहेबाला मान ऐकू येत नाही.”

“बोलतो,” तो म्हणाला. आणि जरा थांबून, “बोलतो.”

ताई गेल्यावर मी त्याला बजावलं, की हे गमतीचं नाही. बस गेली तर तिला काम सोडावं लागेल. आधीच्या बसच्या वेळी ती कामात असते आणि खाणीचा रस्ता काही पायी चालायचा नाही. भावाच्या घरी ती राहणार नाही, कारण चार दिवस पाहुणी आणि पाचव्या दिवशी मोलकरीण असं तिचं स्पष्ट मत होतं. हे सगळं त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्याचा चुना झाला होता.

मी म्हटलं, मी शिकवते तुला. माझी पद्धत सोपी आहे. आवाज पोटातून काढायचा, टेबल जवळ असेल तर त्यावर हात आपटायचा आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. मी त्याला करून दाखवलं. तो भिंतीला टेकला. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्याने चष्म्याच्या दुकानावरच्या वर्गात नाव घातलंय.

वर्गाचे सर पूर्वी दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकायचे. ती खपेनात, तेव्हा ते कसं खपवावं हेच शिकवू लागले. माणूस गोड. एवढा गोड, की पाच मिनिटांनी पाणी प्यावंसं वाटतं. एक दिवस भोंग्याला सोडायच्या निमित्ताने मी वर्गात मागे जाऊन बसले. एक विमा एजंट होता, एक होऊ घातलेला नवरदेव होता, आणि एक बाई होत्या ज्यांना फक्त सासूशी बोलायला शिकायचं होतं. सर सांगत होते, सुरुवात कवितेच्या ओळीने करा, ओठांवर हसू ठेवा, तळहात उघडे ठेवा, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघायची भीती वाटत असेल तर कपाळाकडे बघा. आणि घरी रोज आरशासमोर सराव करा.

भोंग्याच्या घरी दाढीचा आरसा होता, त्यात एका वेळी एकच गाल मावायचा. म्हणून तो सगळं भाषण आधी उजव्या गालाला ऐकवायचा आणि मग डाव्या गालाला. त्याची बायको मला म्हणाली, “अक्का, आमच्या घरात इतकं बोलणं लग्नापासून झालं नव्हतं. पण माझ्याशी नाही हो, गालाशी.”

प्रगती मात्र होत होती, असं सर म्हणायचे. भोंगा आता वर्गात उभा राहायचा. पुढच्या आठवड्यात तो उभा राहून हसायला लागला. मग उभा राहून, हसून, हात पसरायला लागला. शब्द तेवढे यायचे बाकी होते. सर म्हणाले, पाया भक्कम झालाय. मी म्हटलं, पायावर उभं राहून हसणारे आमच्याकडे निवडणुकीत पुष्कळ असतात. सरांना ते कौतुक वाटलं.

शेवटी भाषण सरांनीच लिहून दिलं. पहिल्या पानावर पहाट होती, दुसऱ्या पानावर माणुसकीचा झरा. बस तिसऱ्या पानावर यायची. मी रागाने लाल झाले, पण भोंग्याने ते पाठ केलं होतं आणि पाठ केलेलं कापायला गेलं तर त्याला झराही आठवेना आणि बसही. म्हणून गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे प्रकरण किती नाजूक होतं बघा.

सुनावणीच्या दिवशी भोंगा दुपारच्या सुटीत पहिल्या मजल्यावर गेला. माईकवर तेवढ्यापुरता एक कंडक्टर बसवला होता, तो नुसता खोकत होता. मी फलाटावर, कार्यालयाच्या पाटीच्या बरोबर अलीकडे उभी. वर काय झालं ते मला नंतर तिथल्या कारकुनाने सांगितलं.

खोलीत अधिकारी, आगारप्रमुख साहेब आणि हा कारकून, एवढेच. बाकी रिकाम्या खुर्च्या. भोंग्याने दार लावलं, सगळ्यांना नमस्कार केला आणि हसू ओठांवर आणलं. तळहात उघडले. मग शिकवल्याप्रमाणे त्याने अधिकाऱ्यांच्या कपाळाकडे बघायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांना टक्कल होतं. कपाळ कुठे संपतं तेच भोंग्याला कळेना. त्याची नजर वर वर जात राहिली, पार मागे पंख्यापर्यंत, आणि तिथून पहाटही गेली आणि झराही गेला.

“नमस्कार,” तो म्हणाला.

अधिकारी वाट बघत होते.

“नमस्कार,” भोंगा पुन्हा म्हणाला.

अधिकाऱ्यांनी त्याला प्रेमाने विचारलं, की तुम्ही सत्काराला आलात का? आगारप्रमुख म्हणाले, आमचाच माणूस आहे, साधा आहे बिचारा. भोंगा तसाच हसत, हात पसरलेला, मागे मागे सरकत दाराबाहेर पडला. अधिकारी म्हणाले, चहा होईपर्यंत थांबू, कुणी आलं नाही तर लिहून टाकू.

जिना उतरताना मी त्याला पाहिलं. हसू अजून तोंडावरच होतं, काढायचं राहून गेलं होतं. विचारण्यासारखं त्या चेहऱ्यावर काही शिल्लक नव्हतं. माझ्याशेजारून तो काचेच्या खोलीत गेला, खोकणाऱ्या कंडक्टरला उठवलं, दार लावलं, कडी घातली आणि खुर्चीत बसला.

रेल्वे स्टेशनाकडे जाणारी बस लागली होती. त्याने ती सांगितली. दोनदा. आवाज नेहमीसारखाच, सुरकुती नाही. मला त्याचा इतका संताप आला, की अरे, इथे बोलतोस ना, मग वर काय झालं होतं तुला. आता ताईला काय सांगणार होता हा, आणि कोणत्या तोंडाने? मी काचेकडे निघालेच होते. पण माईक बंद झाल्याचा खट्ट आवाज आला नाही. सगळ्या स्थानकावर त्याचा श्वास ऐकू येत होता.

मग त्याने सांगितलं,

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. खाणीकडे जाणारी संध्याकाळची शेवटची बस पुढील महिन्यापासून सुटणार नाही. ज्या प्रवाशांची यास हरकत असेल, त्यांनी पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारील खोलीत जावे. अधिकारी खोलीत उपस्थित आहेत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

पहिल्या वेळी लोकांनी मान वर केली. दुसऱ्या वेळी ऐकलं. त्यात एकही मोठा शब्द नव्हता. पहाट नव्हती. कुणाला चिथावलेलं नव्हतं की कुणाची विनवणी केली नव्हती. फलाट बदलल्याची सूचना आल्यावर लोक जसे निघतात तसे ते निघाले. पिशव्या उचलल्या, पोरांचे हात धरले आणि जिना चढू लागले. ज्यांनी खाण कधी पाहिली नव्हती तेही निघाले, कारण भोंग्याने सांगितलं म्हणजे जायचं असतं. एका म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, पहिल्या मजल्यावरून बस सुटायला लागली का? मी म्हटलं, आजी, आज तिथूनच सुटेल, चला. आणि ‘प्रवाशांना प्रवेश नाही’ या पाटीखालून मीही गेले. माईकवरून अधिकृत बोलावणं होतं, मला कोण अडवणार?

खोली भरली. मग बोळ भरला. एका माणसाने आत शिरता शिरता रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. चहाचा कप अधिकाऱ्यांच्या हातात तसाच राहिला होता. आगारप्रमुख ओरडत होते की खाली जा, आणि लोक त्यांना विचारत होते की मग वर या असं कशाला सांगितलंत?

तेवढ्यात जिन्यावर गलका झाला आणि धुलाईघराच्या बायका आल्या. आवाज भिंतीवरून अंगणात पोचला होता. हात ओले, पदर खोचलेले, एकीच्या खांद्यावर पिळलेली चादर तशीच. सगळ्यांत पुढे ताई. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, की आवाज त्याचाच होता ना? मग अधिकाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, की बाई, तुमची हरकत काय?

ताई म्हणाली, “साहेब, पलीकडच्या रुग्णालयातल्या चादरी आम्ही धुतो. शेवटची बस बंद झाली की आम्हाला चादरी अर्ध्या ओल्या सोडून निघावं लागेल. ओल्या चादरीवर कुणाला झोपवायचं ते तुम्ही ठरवा. आमचं काही म्हणणं नाही.”

माझ्या घशात एक जळजळीत भाषण तयार होतं. पण कारकून खाली मान घालून भराभर लिहीत होता, अधिकारी कप खाली ठेवून ऐकत होते, आणि मागून एकेक जण आपापली हरकत सांगत होता. बरीचशी खाणीच्या बसबद्दल होती, काही पंख्याबद्दल, आणि एक शाळेकडच्या बसबद्दल, जी जाऊन काळ लोटला होता. मी माझं भाषण गिळलं. कडू लागलं.

आगारप्रमुख साहेब मात्र तिथे थांबले नाहीत. ते धावत खाली गेले आणि काचेच्या खोलीवर दोन्ही हातांनी धडका मारू लागले. आम्ही खिडकीतून बघत होतो. आत भोंगा, बाहेर साहेब, मधे काच. साहेबांचे डोळे थेट त्याच्यावर. मला वाटलं, आता हा पुन्हा पंखा शोधणार. भोंग्याने मान वर केली. साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. कपाळाकडे नाही, डोळ्यांत. आणि माईक जवळ ओढून, त्याच इस्त्रीच्या आवाजात, सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल असं सांगितलं,

“आगारप्रमुखांनी कृपया काचेवर हात मारू नयेत. आगारप्रमुखांनी कृपया काचेवर हात मारू नयेत.”

साहेबांनी हात खाली घेतले. सवय हो. इतकी वर्षं तेही हाच आवाज ऐकत होते.

बस राहिली. अधिकाऱ्यांनी कागदावर ‘फेरविचार’ असं लिहिलं. आमच्याकडे फेरविचार एकदा सुरू झाला की संपत नाही, त्यामुळे खाणीची बस आता आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त जगेल.

भोंग्याला अर्थातच शिक्षा झाली. माईक काढून घेतला आणि त्याला हरवलेल्या सामानाच्या खोलीत टाकलं. साहेबांना वाटलं, अडगळीत अडगळ. त्यांना हे सुचलं नाही, की त्या खोलीत काच नाही. तिथे दिवसभर माणसं येतात, अगदी समोर उभी राहतात आणि डोळ्यांत डोळे घालून विचारतात, माझी छत्री सापडली का? पहिले काही दिवस तो छत्री त्यांच्या हातात ठेवून गप्प बसायचा. मग विचारायला लागला, कशी होती? कशी होती? लोक सांगतात. तो ऐकतो. डबा हरवलेला माणूस डब्यापाशी थांबत नाही, डबा भरून देणाऱ्या बायकोपर्यंत जातो. भोंगा तेही ऐकतो. एवढं ऐकून घेणारा माणूस त्या अख्ख्या आगारात दुसरा नाही, मी धरून.

सर मिठाई घेऊन आले. त्यांना हे सगळं वर्गाचं यश वाटलं. त्यांनी भोंग्याला आपला कोट घातला, फोटो काढवला, आणि नव्या विद्यार्थ्यांसमोर ‘माझी जडणघडण’ या विषयावर बोलायला त्याला बोलावलं. भोंगा गेला. उभा राहिला, हसला, हात पसरले. “दोनदा सांगावं,” असं म्हणाला. मग, “दोनदा सांगावं,” असं म्हणून खाली बसला. टाळ्या पडल्या. सासूवाल्या बाईंनी ते लिहून घेतलं म्हणे.

त्याच्या जागी आता यंत्रातला आवाज आलाय. गोड बाईचा आवाज, सरांच्या जवळपास जाईल इतका गोड. कुणी मान वर करत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. त्या बाईकडून सगळ्या गाड्यांची नावं आधीच बोलून घेतली होती, खाणीची बस बंद होणार हे साहेबांनी पक्कं धरलं होतं तेव्हा. त्यामुळे यंत्राला ती बस माहीतच नाही. बस चालू आहे, पण तिला हाक मारणारं कुणी नाही.

म्हणून रोज संध्याकाळी भोंगा हरवलेल्या सामानाच्या खोलीतून बाहेर येतो. फलाटाच्या पायरीवर उभा राहतो. माईक नाही, काच नाही, समोर नुसती माणसं, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. घसा जरा खाकरतो आणि उघड्या आवाजात सांगतो, की खाणीकडे जाणारी शेवटची बस फलाटाला लागली आहे. त्याला हे करायला कुणी सांगितलेलं नाही. साहेबांनी मनाई करून पाहिली असती, पण एकदा तो आजारी पडला तेव्हा हाक आली नाही म्हणून कुणी चढलंच नाही, बस रिकामी गेली आणि धुलाईघराच्या सगळ्या बायका साहेबांच्या खोलीत बसून राहिल्या. तेव्हापासून साहेब त्या वेळी कागदांत डोकं घालून बसतात.

ताई पायरीसमोरच्या बाकावर बसलेली असते. बस तिच्या नाकासमोर उभी असते, ड्रायव्हर हाका मारत असतो, बाकीच्या बायका चढलेल्या असतात. ती हलत नाही. मी एकदा म्हटलं, अगं, सांगितलं ना त्याने, चढ की. ती म्हणाली, “एकदाच सांगितलंय.”

मग भोंगा तिच्याकडे बघून दुसऱ्यांदा सांगतो आणि ताई पिशवी उचलते.